कुंभारवाड्याची शिदोरी

सहलीला निघालेल्या माणसाला दोन गोष्टींचा हटकून विसर पडतो. घराला कुलूप घातले की नाही, ही एक; आणि आपल्याला पोट आहे, ही दुसरी. पहिलीची आठवण गाडी पंचगंगेचा पूल ओलांडत असताना होते आणि शेजाऱ्याला दूरध्वनी करून खात्री करून घेता येते. दुसरीची आठवण व्हायला दुपार टळावी लागते, आणि तेव्हा कोणाला विचारून उपयोग नसतो.

दीड वर्षापूर्वीच्या मे महिन्यात अक्काची दोन मुले सुटीला आमच्याकडे आली. भाची दहा वर्षांची, धाकटा सहांचा. त्यांच्या वर्गातले निम्मे सोबती एका थीम पार्कला जाऊन आले होते. तेव्हा आपणही गेलेच पाहिजे, हा ठराव घरात बिनविरोध संमत झाला. थीम पार्क म्हणजे आपल्या जत्रेतले पाळणे, घसरगुंड्या, आरसेमहाल आणि भुताचा वाडा, सारे एका कुंपणात आणून त्याला कथेचा साज चढवलेला. त्या उद्यानाचे नाव आणि गाव मी सांगत नाही. कारण झाल्या गोष्टीत मोठा दोष आमचाच होता.

अक्काने रात्री जागून दशम्या केल्या होत्या. दुधात पीठ भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहणाऱ्या. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. मुले म्हणाली, "डबा कशाला? तिथे सगळे मिळते." मलाही ते पटले. पहाटेचा प्रवास चहा-बिस्किटांवर झाला. दारावर पिशव्या उघडून पाहण्यात आल्या. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई, अशी पाटी होतीच. दशम्यांचा डबा एका कपाटात बंद झाला आणि त्याच्या बदल्यात माझ्या हाती एक बिल्ला आला.

आत शिरताच मुलांनी आधी थंडगार गोड पेय घेतले. मग तळलेल्या बटाट्याच्या काड्या. मग आइस्क्रीम. आणि त्या मिश्रणाचा पोटात अजून परिचयही झाला नसेल, तोच दोघे उलटसुलट फिरणाऱ्या एका पाळण्यात बसली. धाकट्याने खाल्ल्याचा सारा हिशेब पाळण्यातून उतरताच चुकता केला. भाचीचे डोके दुखू लागले; ऊन मी म्हणत होते आणि साधे पाणी पिण्याचे कोणालाच सुचले नव्हते. बाकीचा दिवस आम्ही एका झाडाखालच्या बाकावर ओला रुमाल बदलत काढला. लोकांची मुले आरडाओरडा करीत लाटांत उड्या घेत होती आणि आमची मुले त्यांच्याकडे पाहत होती.

संध्याकाळी बिल्ला देऊन डबा परत घेतला आणि गाडीतच उघडला. धाकट्याने दीड दशमी खाल्ली, भाचीने तीन. तोंड पुसता पुसता ती म्हणाली, "मामा, आपण आधी हेच का नाही खाल्ले?"

या प्रश्नाचे धड उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते पुढे पौषात जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्याला मिळाले.

जत्रा आणि कुंपण

करमणुकीची उद्याने ही काही आजची गोष्ट नव्हे. कोपनहेगनचे तिवोली १८४३ साली उघडले आणि आजही चालू आहे. अमेरिकेतले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले, तेव्हा पहिल्याच दिवशी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक माणसे आली. खाण्याचे पदार्थ संपले आणि पिण्याच्या पाण्याच्या पुष्कळशा तोट्या कोरड्या होत्या. जगातले एवढे गाजलेले उद्यान, पण त्याच्या पहिल्या दिवसाची तक्रारही शेवटी अन्नपाण्याचीच! आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले, ते पुढे बंद पडले. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. कोल्हापूरकरांना अशा ठिकाणी जायचे तर पहाटे उठून निघणे आले, म्हणजे पोटाची आबाळ घरापासूनच सुरू.

आपली जुनी करमणूक म्हणजे जत्रा. जोतिबाला जाणारा माणूस पाळण्यात बसे, बत्तासे घेई, भजी खाई. पण त्याच्या खांद्यावर भाकरीचे गाठोडे असे. जत्रेतले खाणे हा शौक होता आणि गाठोड्यातले खाणे हे जेवण. दोहोंची गल्लत कोणी करीत नसे. कुंभारवाड्याहून पुढे उळवी आहे. तिथे चन्नबसवेश्वरांची समाधी आहे आणि माघी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. धारवाड, बेळगाव या बाजूंनी भाविक आजही सजवलेल्या बैलगाड्या जोडून येतात. वाटेत मुक्काम पडतात. म्हणून गाडीत कडक भाजलेल्या ज्वारीच्या भाकरी असतात, ज्या दिवसेंदिवस टिकतात, आणि शेंगदाण्याची व कारळ्याची चटणी असते. पाणी लागत नाही, आंबत नाही, सांडत नाही. शेकडो वर्षे ज्यांनी चालून पाहिले त्यांनी ठरवलेली ही शिदोरी आहे.

जत्रेला कुंपण नव्हते, उद्यानाला आहे. फरक काय तो हाच. बाहेरचे अन्न आत आणू न देण्याचा वाद चित्रगृहांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३ जानेवारी २०२३ रोजी निकाल झाला, की चित्रगृहाच्या मालकाला अशी मनाई करता येते; मात्र पिण्याचे शुद्ध पाणी मोफत ठेवले पाहिजे आणि लहान बाळाचे खाणे आई-बापांना वाजवी प्रमाणात आणू दिले पाहिजे. उद्याने म्हणजे चित्रगृहे नव्हेत. पण दारावरचा रिवाज पुष्कळ ठिकाणी तोच आहे. तेव्हा दाराशी भांडण्यापेक्षा पोटाचा विचार घरी करणे शहाणपणाचे. तो कसा करावा, हे मला कुंभारवाड्यातल्या एका आजींनी शिकवले. त्यांनी स्वतः असले उद्यान जन्मात पाहिलेले नाही.

काळीकाठचे रान

कोल्हापूरहून निपाणी, बेळगाव, खानापूर, लोंढा करीत रामनगर गाठावे. तिथून गणेशगुडीवरून जोयडा. आणि जोयड्याहून कारवारच्या वाटेला लागले की कुंभारवाडा येते. जोयडा तालुका म्हणजे पूर्वीचे सुपे. काळी नदीवर गणेशगुडीला शंभर मीटर उंचीचे धरण झाले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा मुलूख मुंबई राज्यात होता. आता पाट्या कानडीत आहेत, परंतु घराघरांतून ऐकू येते ती कोकणी-मराठीची गोड सरमिसळ. माझ्या भाचीला निम्मे समजत होते आणि उरलेले निम्मे ती हसून भरून काढत होती.

चोहोकडे रान. दांडेलीचे अभयारण्य १९५६ मध्ये झाले, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ मध्ये. दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प ठरला आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव मिळाले. वाघ आहेत, काळे बिबटे आहेत, धनेश पक्षी आहेत. लोक येतात ते हे सारे पाहायला. गणेशगुडी-दांडेलीकडे नदीच्या धावत्या पाण्यात रबरी होड्या सोडायला. म्हणजे हेही एक उद्यानच झाले, फक्त कुंपण दिसत नाही एवढेच. धाकट्याने तर उतरल्या उतरल्या विचारले, "वाघाचा खेळ किती वाजता असतो?"

वाघाने खेळ केला नाही. काळ्या बिबट्यानेही दर्शन दिले नाही. धनेशांची एक जोडी मात्र पंखांचा मोठा आवाज करीत डोक्यावरून गेली आणि मुले खूष झाली. सकाळभर पायपीट झाली होती. वाटेवरच्या दुकानात खारवलेल्या कापांच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या. दुकानदाराला काय बोलणार? येणारा पाहुणा तेच मागतो, म्हणून तो तेच ठेवतो. धाकट्याचा हात तिकडे गेलाच होता. पण गेल्या खेपेची आठवण देऊन भाचीने तो मागे ओढला.

ओळखीच्या एका गृहस्थांनी आमच्या जेवणाची सोय एका कुणबी कुटुंबात केली होती. शेणाने सारवलेले अंगण, बाजूला सुपारी, मागे रान. घरच्या आजींनी आम्हांला बसवले आणि पुढे एका टोपलीत वाफा निघत असलेले काहीतरी आणून ठेवले. पांढरे, पिवळसर आणि एक तर चक्क जांभळे.

"आजी, हा कुठला केक?" भाचीने विचारले.

आजींना केक ठाऊक नव्हता. त्या म्हणाल्या, "खाऊन बघ. मातीतला आहे."

मातीतले पक्वान्न

तो कंद होता. जोयड्याचा कुणबी हा कंदांचा जाणकार. आपण बाजारात सुरण, रताळे, अळकुड्या आणि उपासाला कधीमधी कोनफळ एवढेच ओळखतो. येथे मुडली आहे. अळवाच्या कुळातला, हातभर लांब, जड कंद. जांभळ्या गराचे आणि पांढऱ्या गराचे असे कोनाचे प्रकार आहेत. कणग्या आहेत. वेलीवर अधांतरी लटकणारे, चवीला किंचित कडवट करांदे आहेत. अलीकडच्या वर्षांत पौषाच्या सुमारास जोयड्याला कंदांचा मेळा भरतो. आसपासच्या गावांतून बायका डोक्यावर कंद घेऊन येतात आणि शहरातली माणसे पिशव्या भरून नेतात.

यातले मर्म आजींनी भाचीला समजावून सांगितले. पहिल्या पावसाच्या सुमारास कंद लावायचा. वेल झाडावर चढवायचा. पावसाळाभर त्याच्याकडे पाहायचे नाही. पाहायचे ते रानडुकरांकडे, कारण माणसाइतकेच त्यांनाही कंद आवडतात आणि एका रात्रीत ती वर्षाची मेहनत उकरून जातात. मार्गशीर्ष-पौषात वेल पिवळा पडून वाळला की खणायचे. आणि खणताना कोनाचे डोके, म्हणजे वेल जिथून फुटतो तो वरचा भाग, खायचा नाही. तो राखेत-सावलीत जपून ठेवायचा आणि पुढच्या पावसाला पुन्हा मातीला द्यायचा. "सगळे खाल्ले तर पुढे काय खाशील?" एवढेच त्या म्हणाल्या.

जेवणात उकडा भात होता, कंदाची ओल्या खोबऱ्यातली भाजी होती, नाचणीची भाकरी, सुक्या मिरचीची चटणी आणि कोकमाचे सार. तेल जेमतेम चमचाभर. पानावर एक पदार्थ असा नव्हता की जो पाच-सहा कोसांच्या बाहेरून आला असेल. मीठ तेवढे सोडून. मुले पोटभर जेवली, दुपारी पुन्हा टेकडी चढली, आणि चार वाजेपर्यंत कोणी "भूक" हा शब्द काढला नाही. मी घड्याळ पाहत होतो, म्हणून सांगतो.

यात काही चमत्कार नव्हता. शंभर ग्रॅम तळलेल्या बटाट्याच्या कापांत तीस-पस्तीस ग्रॅम तेल असते आणि त्यापासून पाचशेहून अधिक किलोकॅलरी उष्मांक मिळतात. तेवढ्याच वजनाच्या उकडलेल्या कोनात ते शंभर-सव्वाशेच्या घरात असतात. बाकी पाणी आणि तंतू. पोट भरते, पण जड होत नाही. थंड गोड पेयाच्या तीनशे मिलिलिटर बाटलीत सुमारे तीस ग्रॅम साखर विरघळलेली असते. आणि वरून घातलेली साखर दिवसाकाठी पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा कोटा संपून उसनवारी सुरू! कोकमाच्या साराने हाच तहानेचा प्रश्न मिठाजिऱ्यावर सोडवला होता. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, एवढे दुसऱ्या कुठल्याही धान्यात नाही.

गंमत अशी की आपण उपासाला 'हलके' म्हणून साबुदाण्याची खिचडी खातो. साबुदाणा हा अमेरिकेतून आलेल्या एका कंदाचा निव्वळ पिष्ठ. त्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. ऋषिमुनींची कंदमुळे म्हणून आपण जे ऐकतो, त्यांच्या अधिक जवळचे नातलग कुंभारवाड्याच्या टोपलीत होते.

मात्र एक इशारा द्यायला हवा. कंद चांगला म्हणून रानात शिरून कोणी खणू नये. तो व्याघ्र प्रकल्प आहे, तेथे तसे करता येत नाही. शिवाय काही रानकंद चक्क विषारी असतात आणि सुरण-अळूसारखे कंद नीट शिजले नाहीत, तर त्यांतल्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा धरतो. म्हणून तर त्यांत चिंच किंवा कोकम पडते. मधुमेह असलेल्यांनी कंदही भाताप्रमाणे मोजून खावा. जाणत्याच्या हातचा कंद खावा, आणि त्याच्याकडूनच विकत घ्यावा.

आजींची काळजी

जेवण झाल्यावर आजींचा नातू, आमच्या धाकट्याच्याच वयाचा, हातात एक पुडी घेऊन आला. रंगीत, फुगलेली. त्याने ती मोठ्या अभिमानाने आमच्या मुलांपुढे धरली. पाहुणचारच होता तो. आजी हसल्या, पण त्या हसण्यात थोडी खंत होती. त्यांच्या लहानपणी रानात जाताना मुलांच्या ओटीत उकडलेल्या कणग्या असत. आता मुले म्हणतात, शहरातले पाहुणे जे खातात ते चांगले असले पाहिजे.

हे ऐकून मी मनातून ओशाळलो. ती पुडी त्या दुकानात आली ती आमच्यासारख्यांच्या पाठोपाठ. आम्ही कुंभारवाड्याला जाऊन पुडी मागतो आणि कुंभारवाड्याचे मूल आमच्याकडे पाहून पुडी मागते. अशा रीतीने पिढ्यान्पिढ्यांची विद्या चार-दोन सुट्यांत विकली जाते. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या थाळ्या, नळ्या वगैरेंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पण ही चकचकीत पुडी त्या यादीत नाही. ती रानात पडते, माकडे चाटतात, आणि माणसाच्या हातातली पुडी हिसकावून घ्यायलाही शिकतात.

दुसरी काळजी त्याहून मोठी. प्रकल्पाच्या आतली कुटुंबे सरकारी मोबदला घेऊन बाहेर पडत आहेत. स्वखुशीने निघणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये देण्याची तरतूद आहे. शाळा, दवाखाना, रस्ता कोणाला नको आहे? निघणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. वाघालाही जागा हवीच. पण शहराकडच्या चाळीत कोनाचा वेल कुठल्या झाडावर चढवायचा? घर हलवता येते, भांडी हलवता येतात. कुठला कंद कोणत्या मातीत किती महिन्यांनी गोड होतो, ही जाण मात्र त्या मातीपासून तोडली की दोन पिढ्यांत सुकते. कंदमेळ्यात जो पिशवी भरून नेतो तो नुसती भाजी नेत नसतो, ही विद्या जिवंत ठेवायला तो हातभार लावीत असतो.

पुन्हा एकदा उद्यान

गेल्या दिवाळीच्या सुटीत मुलांना मी पुन्हा उद्यानाला नेले. पहिल्या सहलीचे कर्ज माझ्या डोक्यावर होते. या खेपेस तयारी पोटापासून केली. आमचा नुसता अनुभव सांगतो, कोणाला उपयोगी पडला तर पाहावा.

आदल्या दिवशी दूरध्वनी करून विचारले, की आत काय आणता येते, पाणी भरून घेण्याची सोय कुठे आहे, आणि साधे जेवण मिळते काय. तेव्हा कळले की भात-वरण-भाजीची थाळी आत मिळते. गेल्या वेळी आम्ही तळणाच्या वासाने आधीच अडलो होतो, एवढेच. पहाटे निघताना सोबत नाचणीच्या भाकरी, कारळ्याची चटणी आणि उकडलेली रताळी घेतली आणि उद्यानाच्या दारापूर्वी तासभर आधी एका झाडाखाली बसून शिस्तीत न्याहारी केली. दारावर तपासायला डबाच उरला नव्हता. तो पोटात घालून आम्ही आत गेलो. पोटातला डबा कोणी काढून घेत नाही!

आतमध्ये क्रम बदलला. आधी गरगरणारे पाळणे, मग जेवण. जेवणानंतर तासभर संथ गोष्टी. बाहुल्यांचा खेळ, झुकझुक गाडी. पाळण्यात मळमळते याचे कारण असे, की कानातला तोल सांभाळणारा अवयव एक सांगतो आणि डोळे दुसरेच सांगतात, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. त्यात पोटात तेलकट, जड अन्न असेल तर तो गोंधळ वर येतो. अगदी उपाशी पोटही चांगले नाही. हलकी न्याहारी होऊन तास-दीड तास गेलेला असावा, हे बरे.

तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार घोट पाणी. लाटांच्या तलावात मुलांना तहान कळत नाही. अंग ओले असते, पण घाम जायचा तो जातोच. दुपारी गोड पेयाऐवजी ताक घेतले. पाण्यातून आल्यावर खाण्यापूर्वी साबणाने हात धुतले, आणि तलावाचे पाणी गिळायचे नाही ही ताकीद आधीच दिली होती. कापून उघड्यावर ठेवलेली फळे टाळली. केळी घेतली, कारण केळ्याला देवाने वेष्टन घालूनच पाठवले आहे.

आणि आइस्क्रीम? घेतले की. एक-एक, दुपारी चारला, सावलीत बसून. सहल म्हणजे काही पथ्याचा दवाखाना नव्हे. जत्रेतल्या माणसासारखे ज्याने शौक शौकाच्या जागी आणि जेवण जेवणाच्या जागी ठेवले, त्याला शौक बाधत नाही. बाधते ते शौकावरच पोट भरणे.

ज्यांना घरचे नेणे शक्य आहे, म्हणजे दाजीपूर, अणशी, किंवा कुठल्याही रानात-गडावर, त्यांना एक-दोन सूचना. शिजवलेला भात किंवा बटाट्याची भाजी उन्हात तीन-चार तास बंद डब्यात ठेवू नये; उन्हाळ्यात दोन तासांनंतर ती संशयितच समजावी. दहीभात न्यायचा तर पुरता निवलेला भात दुधात कालवून त्याला चमचाभर दही लावावे व डबा थंड ठेवावा. जेवणाच्या वेळेपर्यंत तो आंबट होत नाही, बेताचा लागतो. दूर जायचे तर मात्र दशमी, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजलेले शेंगदाणे, गूळ, चणे. उळवीच्या गाडीवानांची कोरडी शिदोरी अजूनही पहिल्या नंबरची. आणि जिथे जाल, तिथे कोणाच्या घरी तिथलेच अन्न मिळत असेल तर आपला डबा खुशाल बाजूला ठेवावा.

त्या दिवशी परतताना दोघेही गाडीत झोपली नाहीत. कोणत्या पाळण्यात कोण किती ओरडले याची उजळणी निपाणीकरांनाही ऐकू जावी अशा आवाजात चालू होती. पहिल्या सहलीत आम्ही तिकिटाचे पैसे देऊन एक बाक पाहून आलो होतो. या खेपेस मुलांनी सारे उद्यान पाहिले. त्यांच्या वाट्याचा सुटीचा एक दिवस त्यांना परत मिळाला. निरोगी खाण्याचा याहून मोठा फायदा मुलांना सांगून कळत नाही, आणि सांगण्याची गरजही नाही.

कुंभारवाड्याहून निघताना आजींनी भाचीच्या हातात पानात बांधलेले एक पुडके दिले होते. वाटेत खायचे असेल म्हणून तिने उघडले, तर आत जांभळ्या कोनाचे डोके होते, मातीसकट. ते आम्ही जपून ठेवले आणि मेअखेरच्या वळवानंतर परसातल्या शेवग्याखाली लावले. श्रावणात वेल शेवग्याच्या वर गेला होता. आता मार्गशीर्ष लागला आहे आणि पाने पिवळी पडू लागली आहेत. भाचीचे पत्र आले आहे. नाताळच्या सुटीत येते आहे, मी आल्याशिवाय खणू नका, आणि डोके कोणी खाऊ नका.